वाटीतलं दूध

(रायपूर, तेलीबांधा. राधाच्या फ्लॅटची बैठक, दुपारची वेळ. तिची थोरली जाऊ कौमुदी कित्येक वर्षांनी या घरी आली आहे. राधाची मुलगी पूर्णिमा आपल्या सव्वीस दिवसांच्या मुलीला घेऊन आतल्या खोलीत आहे.)

राधा : …अन् हे एवढे डबे काहून आणले? घरात खाणारं आहे कोण?

कौमुदी : बाळंतिणीसाठी आणले. एकात डिंकाचे लाडू आहेत. दुसऱ्यात भाजलेले शेंगदाणे. अन् ह्याच्यात मोड आलेले मूग.

राधा : मूग? बाळंतिणीले?

कौमुदी : हव. मूग खाऊ दे, वरण खाऊ दे, मेथी खाऊ दे. सगळं खाऊ दे तिले.

राधा : हे तुम्ही बोलून राहिल्या? तात्यापाऱ्यातल्या आपल्या सासरघरी बाळंतिणीच्या ताटात वरण मी तरी पाहिलं नाही, जाऊबाई.

कौमुदी : तेच बोलायले आली मी. राधा, ही बाटली कोणाची?

राधा : बाळाची. आणखी कोणाची असणार?

कौमुदी : पूर्णिमाले दूध नाही?

राधा : दूध आहे. पाजत नाही.

कौमुदी : काहून?

राधा : हे तुम्ही विचारता? वाटी तुम्हीच धरली होती ना?

कौमुदी : हळू बोल. ती ऐकेल.

राधा : झोपली आहे. अन् ऐकलं तरी काय? तिले सगळं माहीत आहे. आपलं दूध लेकरांना बाधते, हे मी तिले लग्नाच्या आधीच सांगून ठेवलं होतं. दवाखान्यात नर्सबाई भांडली माझ्याशी. मी म्हटलं, बाई, माझा एक गेला आहे. तुम्ही मले शिकवू नका.

कौमुदी : राधा, तुझं दूध बाधलं नव्हतं.

राधा : चहा टाकू?

कौमुदी : नको. बस इथे. माझ्याकडे नको पाहू पाहिजे तर, पण बस. मागच्या मंगळवारी आम्ही माझ्या लेकाच्या, अभिनवच्या, पोट्टीले लस टोचायले नेलं होतं. सून गंधाली होती अन् मी होती. तिथली डॉक्टरीण नवीनच आहे, पोरसवदा. तिनं गंधालीले विचारलं, तुम्ही जेवता काय? गंधाली म्हणाली, सासूबाई भात अन् तूप देतात. वरणानं बाळाच्या पोटात गॅस होतो म्हणून वरण बंद, भाजीनं ढाळ लागतात म्हणून भाजी बंद. मी बाजूलेच बसली होती, मान ताठ करून. मले वाटलं, डॉक्टरीण म्हणेल, वा, आजी किती करतात.

राधा : तुम्ही तुमच्या सुनेले भात-तूप दिलं?

कौमुदी : दिलं. चाळीस दिवस दिलं. सासूबाई वर गेल्या, पण त्यांची जागा रिकामी राहिली नाही, मी जाऊन बसली तिथे. त्याचं पण सांगते. ऐक पहिले. त्या पोरीनं खुर्ची माझ्याकडे फिरवली. म्हणे, आजी, आईनं हे खाल्लं, ते खाल्लं, त्यानं दुधात पुष्कळसं काही बदलत नाही. आईले चुना, ते कॅल्शियम, कमी पडला तर तिचं शरीर हाडातून काढते अन् बाळाले देते. पण काही गोष्टी अशा आहेत का त्या आईच्या ताटात नसल्या, तर दुधातही उतरत नाहीत. त्यातलं एक जीवनसत्त्व डाळीत असते, शेंगदाण्यात असते, तांदळाच्या कोंड्यात असते. पांढरा तांदूळ चार पाण्यात धुतला अन् वरून मांड, ते भाताचं पाणी, काढून फेकला, का मग त्याच्यात ते उरत नाही.

राधा : मग?

कौमुदी : मग म्हणे, आई महिनोन् महिने नुसत्या त्या भातावर राहिली, तर बाळ दोन-अडीच महिन्यांपर्यंत चांगलं दिसते. गुबगुबीत. एक दिवस ओकायले लागते. दूध सोडते. श्वास लागते त्याले. अन्…

राधा : अन् काय?

कौमुदी : अन् रडते, पण आवाज निघत नाही.

राधा : …आवाज निघत नाही.

कौमुदी : मी तिथून उठली, राधा. बाहेर बाकावर जाऊन बसली. गंधालीले वाटलं मी रागावली.

राधा : तोंड पूर्ण उघडायचा तो. चेहरा लालेलाल व्हायचा. अन् आवाज कसा, तर कोणी कागद चुरगाळल्यावाणी. सासूबाई शेजारच्या बायांना सांगायच्या, पोर मोठं शहाणं आहे आमचं, रडत नाही.

कौमुदी : मी परत आत गेली. विचारलं, असं बाळ वाचते का? ती म्हणाली, वेळेवर एक इंजेक्शन पडलं तर वाचते. कितीतरी बाळं त्याच दिवशी दूध प्यायले लागतात.

राधा : तेव्हा होतं ते इंजेक्शन? चाळीस वर्षांमागे?

कौमुदी : हेही विचारलं मी. होतं.

राधा : इथे होतं? रायपुरात?

कौमुदी : साधं आहे, म्हणे. तेव्हाही मिळत होतं.

राधा : सरकारी दवाखाना रिक्षानं वीस मिनिटांवर होता. ह्यांनी रिक्षा आणली होती, आठवते? दारात उभी होती. सासूबाई म्हणाल्या, ओल्या अंगाची बाई उन्हात निघत नाही, अन् लेकरू तिच्याशिवाय जात नाही. रिक्षावाला थांबला, थांबला, निघून गेला.

कौमुदी : आठवते.

राधा : पण मी उपाशी कुठे होती, जाऊबाई? तूप-भात तर मले पोटभर देत होत्या तुम्ही.

कौमुदी : तेच तर कळलं नाही कोणाले. पोट भरलेलं होतं. आधी सव्वा महिना वरण नाही. ते सुरू करायची वेळ आली तर तो ओकला. सासूबाईंनी भाजी काढली. पुन्हा ओकला, तर तुझ्या ताटातलं दूध काढलं. तो जसजसा खराब होत गेला, तसतसं तुझं ताट आम्ही रिकामं करत गेलो. अन् भात शिजवत होती मी. पांढराफेक दिसला पाहिजे म्हणून घासून घासून धुवायची. मांड पसवायची अन् बिसाहिनच्या गंजात ओतायची.

राधा : भांडी घासणारी बिसाहिन.

कौमुदी : हव. तिचा पोट्टा तुझ्याच्याच बरोबरीचा होता. परसात बसून ती तो मांड मीठ टाकून प्यायची. पसिया म्हणायची त्याले. त्या पोट्ट्याले सर्दी पण झाली नाही.

राधा : माझे पाय सुन्न पडायचे. चप्पल पायातून निसटून जायची, ते मले मागून कोणी हाक मारली तरच कळायचं.

कौमुदी : ते पण त्याचंच होतं. सांगितलं मी तिले. ती म्हणाली, आजी, ती आई पण आजारी होती.

राधा : कोणी म्हणालं नाही मले आजारी. मले विषारी म्हणाले.

कौमुदी : राधा…

राधा : मग मुंग्या काहून मेल्या? ते सांगा. सासूबाईंनी माझं दूध वाटीत पिळून घेतलं. वाटी तुमच्या हातात होती. देवळीतल्या चार मुंग्या त्यांनी कागदावर घेऊन आत टाकल्या. मी खाटेवरून पाहून राहिली होती. चारही मेल्या. सासूबाई म्हणाल्या, घ्या, जहर आहे हिच्या अंगात.

कौमुदी : मुंग्या कोणत्याही दुधात मरतात, राधा. बुडून मरतात.

राधा : हे पण डॉक्टरणीनं सांगितलं?

कौमुदी : नाही. हे मले तेव्हाच माहीत होतं.

राधा : तेव्हा म्हणजे?

कौमुदी : त्याच संध्याकाळी. चहा करायले म्हशीच्या दुधाचं पातेलं उघडलं, तर त्यात मुंग्या पडलेल्या. मेलेल्या. मी चमच्यानं काढल्या, फेकल्या अन् चहा टाकला. सगळ्यांना दिला. हातात चमचा होता अन् मनात आलं, अरे, मग हे दूध पण जहर आहे का?

राधा : संध्याकाळी.

कौमुदी : हव.

राधा : तेव्हा तो होता. पहाटे गेला तो.

कौमुदी : होता.

राधा : रातभर त्याच्या तोंडात साखरेचं पाणी टाकलं तुम्ही लोकांनी. मले त्याच्यापासून दोन खोल्या दूर बसवलं. माझा पदर ओलाचिंब होऊन राहिला होता. तुम्ही एक शब्द बोलल्या असत्या, तर तो माझ्या मांडीवर गेला असता. वाचला नसता, समजलं मले. दुधात ते नव्हतंच. पण माझ्या मांडीवर गेला असता.

कौमुदी : मी बोलली नाही. सासूबाईंना भिऊन बोलली नाही, असं मी चाळीस वर्षं स्वतःले सांगत आली. ते खोटं आहे. ते सांगायलेच आली आज. आणखी एक आहे, राधा. ते ऐकल्यावर तुले वाटलं तर मले घरातून काढ.

राधा : आणखी काय राहिलं?

कौमुदी : तुले माय नव्हती, म्हणून तुझं बाळंतपण सासरी झालं. माझी अमरावतीले होती, तर मी माहेरी गेली. पंधराव्या दिवशी तू मले विचारलं होतं. मी तुझं ताट घेऊन आली होती. तू म्हणाली, ताई, तुमच्या आईनं तुम्हाले काय खायले दिलं होतं?

राधा : आठवते मले. तुम्ही म्हणाल्या, हेच. तूप अन् भात.

कौमुदी : माझ्या आईनं मले तुरीचं वरण दिलं होतं. शेंगदाण्याची चटणी, मेथी, मसूर, गूळ, सगळं. रोज. अन् माझी पोट्टी ठणठणीत होती. हे सगळं मले माहीत होतं. मी तुझ्या तोंडाकडे पाहून खोटं बोलली.

राधा : काहून?

कौमुदी : तुले पहिलाच पोट्टा झाला. माझ्या पोट्टीच्या वेळी सासूबाईंनी शेजारी कळवलं पण नव्हतं. तुझ्या वेळी सगळ्या पाऱ्यात, मोहल्लाभर, पेढे वाटले. मी वाटले, घरोघर जाऊन. मनात आलं, हिले पोट्टा पण पाहिजे अन् वरण पण पाहिजे? राहू दे थोडे दिवस भातावर, काय होते. एवढंच होतं मनात. मरावं असं नव्हतं, राधा. देवाशपथ नव्हतं. एवढंसं होतं. पण एवढंसं होतं हे खरं आहे.

राधा : तुम्ही त्याले न्हाऊ घालायच्या.

कौमुदी : हव.

राधा : त्याच्या टाळूवर तेल घालायच्या. गाणं म्हणायच्या.

कौमुदी : हव. जीव होता माझा त्याच्यावर. दोन्ही होतं. एका बाईच्या पोटात दोन्ही असते, हे मी कोणाले सांगू?

राधा : मी तुम्हाले काही बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या. पण मी तर तुम्हाले चांगलं समजत आली. म्हणायची, त्या घरात एक ताईच तेवढी माझी होती. ह्यांनी दोन वर्षांनी तात्यापारा सोडला, तेव्हा मी तुमच्या गळ्यात पडून रडली होती.

कौमुदी : माहीत आहे.

राधा : अन् ही झाली तेव्हा? पूर्णिमा? तेव्हा तरी सांगायचं होतं. मी हिले पाजलं नाही. हिले अंगाशी घेतलं नाही. पहिल्या दिवसापासून डब्याचं दूध. छातीले धोतराचा पट्टा घट्ट बांधून बसली होती मी, ताप भरला होता. तरी दूध येऊन राहिलं होतं. हिच्या रडण्यानं यायचं. मी कानात बोटं घालून स्वयंपाकघरात जाऊन बसायची. तुम्ही आल्या होत्या ना तेव्हा पाहायले?

कौमुदी : आली होती.

राधा : काय म्हणाल्या होत्या?

कौमुदी : म्हणाली होती, बरं केलंस.

राधा : पोट्टी जगली. तर मले वाटलं, पाहा, दूर ठेवलं म्हणून जगली. सदतीस वर्षं मी हेच समजून राहिली का हिच्यापासून दूर राहून मी हिले वाचवलं.

पूर्णिमा : आई.

राधा : तू काहून उठली? बाळ?

पूर्णिमा : सो रही है. मी झोपली नव्हती, आई. सब सुना मैंने.

राधा : जा आत. बाळंतिणीनं असं दारात उभं राहू नाही. बाळ उठेल, तिच्या दुधाची वेळ झाली.

पूर्णिमा : नहीं उठेगी. पेट भरा है उसका.

राधा : कसं भरलं? बाटली तर इथे ठेवली आहे.

पूर्णिमा : हो. बाटली तिथेच आहे.

राधा : पूर्णिमा?

पूर्णिमा : तू आंघोळीले जाते ना सकाळी, तब मैं दरवाज़ा बंद कर लेती हूँ. दुपारी तू झोपते तेव्हा. संध्याकाळी तू खाली मंदिरात जाते तेव्हा. अन् रातभर. बाटलीतलं मी बेसिनमध्ये ओतून देते.

राधा : रोज?

पूर्णिमा : रोज. अस्पताल से ही. पहिल्या दिवशी नर्सनं तिले माझ्या अंगावर ठेवलं, तर ती स्वतःच शोधायले लागली. मुझसे मना नहीं हुआ, आई.

राधा : अन् भीती नाही वाटली तुले? मी एवढं सांगितलं होतं…

पूर्णिमा : खूप वाटली. पाजून झालं का तिच्या छातीवर हात ठेवून बसायची. साँस चल रही है ना, बस वही देखती थी. एक दिवस तिनं थोडं ओकलं, तर मी दोन दिवस पाजलं नाही. बाटलीच दिली. वाटलं, आई खरी होती, मीच मारलं हिले. मग तिसऱ्या दिवशी राहवलं नाही.

राधा : मले सांगितलं काहून नाही?

पूर्णिमा : तुले कसं सांगू? तू एकच बाटली तीन-तीनदा उकळते. मी बघते ना. मले वाटलं, हे कळलं तर तू मरून जाशील.

कौमुदी : पूर्णिमा, तू काय खाते बाळा? दिवसभर?

पूर्णिमा : जो आई देती है, मोठी काकू. दूध-भात. पण मी यांना फोन करून चणे मागवते. भुने हुए. तकिए के नीचे रखे हैं.

कौमुदी : खा. भरपूर खा. अन् डॉक्टरणीले एकदा सगळं सांग, काय खाल्लं, काय नाही. बाळालेही दाखव. आजच्या आज फोन कर. मी नंबर आणला आहे.

पूर्णिमा : करते. आई, एक पूछूँ?

राधा : विचार.

पूर्णिमा : मी बाबांच्या बाजूले झोपायची. लहानपणी. रात को डर लगता था, तर तुझ्याकडे यायची, अन् तू मले उचलून परत बाबांच्या खाटेवर नेऊन टाकायची. मले वाटायचं, मी तुले आवडत नाही. माझ्या आधी जो गेला, तोच तुले पाहिजे होता. इसलिए था वो?

राधा : झोपेत तोंड लावशील म्हणून.

पूर्णिमा : मी पाच वर्षांची होती, आई.

राधा : माहीत आहे. दूध कधीचं आटलं होतं. भीती नाही आटली.

पूर्णिमा : एक बार बोल तो देती.

राधा : काय बोलू? माझ्या अंगात जहर आहे, असं? माय कशी बोलेल हे पोट्टीले? …तुझ्या खोलीले आतून कडी आहे ना?

पूर्णिमा : है. काहून?

राधा : माझ्या खोलीलेही होती. तात्यापाऱ्यात. इथेही. तू झाली तेव्हा हे ऑफिसले जायचे, घरात मी अन् तू, दोघीच दिवसभर. कोणी पाहायले नव्हतं. मले कोणी अडवलं नसतं. कडी लावायची अन् तुले घ्यायचं, बस. मले ते सुचलंच नाही. तू सव्वीस दिवसांत केलं ते मी कधीच केलं नाही.

पूर्णिमा : आई, रो मत. तुझा एक गेला होता. माझा नव्हता गेला. मले हिंमत करणं सोपं होतं.

राधा : तरी सुचायले पाहिजे होतं.

पूर्णिमा : उठली वाटते ती. आई, तू आत ये. माझ्याजवळ बसशील?

राधा : येते. तू घे तिले. घे, घे, रडवू नको. मी आलीच.

कौमुदी : मी निघते, राधा.

राधा : हं.

कौमुदी : गंधालीचं ताट मी त्याच दिवशी बदललं. पोट्टी चांगली आहे, तपासलं तिले. गंधालीले औषधाची चिठ्ठी पण दिली डॉक्टरणीनं. तुझ्या वेळचं काही परत आणता येत नाही. मी काय मागू तुले? मागायले तोंड नाही.

राधा : मागू नका. माझ्या वाट्याचं मी पाहीन. जमलं तर जमलं, आता माझं तरी किती राहिलं. पण त्याच्या वाट्याचं मी कसं माफ करू, ताई? तो तर अजून बोलायलेही शिकला नव्हता.

कौमुदी : खरं आहे.

राधा : त्याच्याकडून मी काही बोलणार नाही. हव नाही अन् नाही पण नाही.

कौमुदी : बरं. येते मी.

राधा : थांबा. लिफ्ट बंद आहे आज, अन् जिन्यातला दिवा गेला आहे. एकट्या उतरू नका. पूर्णिमाजवळ दोन मिनिटं बसते, मग येते तुमच्यासंग खालपर्यंत.